आज नरडाण्याच्या वरातीत जनरेटर बंद पडला

मंडळी, खूप दमलोय, पण हे कुणाला तरी सांगायचंय.

तरुणपणी बारा वर्षं मी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ बँडमध्ये ट्रॉम्बोन, म्हणजे नळी पुढेमागे सरकवून सूर काढायचं पितळी वाद्य, वाजवला. तिथलं काम संपलं, तसा धुळ्याला परतून लग्नाच्या बँडमध्ये शिरलो. आता चार वर्षं इथेही गाडीवरच्या स्पीकरमधून रेकॉर्ड केलेली गाणीच वाजतात. आम्ही लाल कोट घालून पुढे चालतो. मालक म्हणतात, "नाना, नुसता तोंडाला लावून चाला, शोभा येते."

आज सकाळी वरातीत जनरेटर बंद पडला. नाचणारे थांबले. नवरदेवाचे आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आते तुम्हीच वाजाडा ना, भाऊ!"

चार वर्षांनी कुणीतरी मला वाजवा म्हणालं. छाती भरून श्वास घेतला आणि ट्रॉम्बोनची नळी पुढे सरकवायला गेलो. ती हललीच नाही. पूर्वी मी तिला रोज तेल द्यायचो. नुसता धरायचाच तर आहे, म्हणून कधीतरी सोडून दिलं.

तेवढ्यात जनरेटर सुरू झाला. मी पुन्हा गाल फुगवले.

अडकलेली नळी घरच्या घरी सोडवता येते का, कुणाला माहीत आहे? उद्या परत लग्न आहे. वाजवायचं नाहीये, तरी विचारतोय.