बिनगाठीचं कापड

छुनशिमने मोक्पोच्या बंदरावर उभा जन्म मासे विकले. कमरेला रबरी एप्रन, हाताला खवले, पण एप्रनच्या आत पोपटी रंग असायचाच. गिऱ्हाईकं तिला पोपटीवाली म्हणूनच ओळखायची. पुढे नवरा गेला, गुडघे गेले, गाळा गेला. पोपटी काही गेला नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही दुपारी जेवण झालं की बाई घेरदार पोपटी झगा घालून स्टेशनामागच्या नाचघरात जायची. तिथे सगळी तिच्याच वयाची मंडळी. झगा तिने स्वतः बेतलेला, गिरकी घेतली की कोबीसारखा फुलायचा.

यंदा अधिक महिना आला. आईबापांचं मरणवस्त्र अधिकात करून ठेवलं की त्यांचं आयुष्य वाढतं, असं आम्ही मोक्पोकडचे सगळेच मानतो. म्हणून तिचा मुलगा क्वांगसप आणि सून मीग्यंग ग्वांगजूहून मोठी पेटी घेऊन आले. पेटीत तागाचा अंगरखा नि घागरा, पिवळट, खरखरीत. रीतीप्रमाणे शिवताना दोऱ्याला एकही गाठ मारलेली नाही. जाणाऱ्याच्या मनात गाठ राहू नये म्हणून.

छुनशिम तेव्हा गल्लीतल्या सार्वजनिक स्नानगृहात गेली होती. ओल्या केसांनी आली, कपाट उघडलं. पेटी आत ऐसपैस बसलेली. झगे कुठेच नाहीत.

"माझे कपडे कुठायत?"

"आई, पेटीला जागा होत नव्हती," मीग्यंग म्हणाली. "खाली जुन्या कपड्यांच्या डब्यात टाकले. कुणा गरिबाला होतील."

"कुठला गरीब पोपटी झग्यासाठी अडून बसला होता गं? नाव सांग त्याचं!"

"आई, ओरडू नकोस," क्वांगसप म्हणाला. "या वयात बरं दिसत नाही ते. माझ्या ऑफिसातल्या एकाने तुला नाचताना पाहिलं."

"मग? डोळे शाबूत आहेत म्हणायचे त्याचे! मी माशांची आतडी उपसून तुझ्या शाळेची फी भरत होते, तेव्हा बरं दिसत होतं वाटतं?"

तशीच तरातरा खाली गेली. मुलाला दंडाला धरून डब्याच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घालायला लावला. आत काही नव्हतं. इमारतीचा पहारेकरी म्हणाला, गाडी आत्ताच सगळं घेऊन गेली. छुनशिमने डब्याला लाथ घातली, आणि दुखऱ्या पायाने घातली. वरच्या खिडक्यांतून बायका बघत होत्या, त्यांनाही दोन शब्द मिळाले.

घरी येऊन तिने पेटी फोडली आणि तागाचं सगळं अंगावर चढवलं.

"आई!" मीग्यंग किंचाळली. "अशुभ असतं ते! जिवंतपणी घालत नाहीत!"

"जिवंतपणी घालायचं तू फेकलंस. आता हेच आहे मला. बाजूला हो."

नाचघराच्या दारात ती उभी राहिली तशी जोड्या जागीच थांबल्या. वाजवणाऱ्याने बटण दाबून गाणं थांबवलं. एक बाई तर चक्क भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचा रोजचा जोडीदार, बे नावाचा म्हातारा, जवळ आला नि कुजबुजला, "अगं, मेलीस की काय?"

"पोरं म्हणतात, मेले. तू नाचतोस, का रडत बसतोस?"

बेने पँटला हात पुसले. "वाजव रे," म्हणाला.

दुसऱ्याच गिरकीला बगल उसवली. मग कंबर. गाठच नाही, दोरा सरासर निघत गेला. बायकांनी आपल्या शाली तिच्याभोवती धरल्या. कुणी हसलं नाही. छुनशिमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शिव्या.

शाल गुंडाळून घरी परतली तर मुलगा नि सून जेवणाला न शिवता बसलेले. तिने चिंध्या त्यांच्यापुढे टाकल्या.

"एवढ्या मोलाचं कापड, आई," क्वांगसप पुटपुटला.

"माझं स्वस्त होतं, नाही का?"

मीग्यंग रडू लागली. "आम्ही तुमचं आयुष्य वाढावं म्हणून..."

"वाढवून काय करू, कपाटात बसू? ऐका. अधिक संपायच्या आत पुन्हा शिवायचं. पोपटी. रंग मी निवडणार, शिवणार मी, आणि टाक्याटाक्याला गाठ मारणार. मनात गाठ घेऊनच जाणार आहे मी, तुमच्या नावाची."

"पोपटी मरणवस्त्र? लोक काय म्हणतील?"

"तेव्हा मला ऐकू येणार नाही. गाडी काढ, कापडबाजार बंद होईल."

क्वांगसप किल्ली शोधू लागला. मीग्यंग चपला घालायला उठली, तशी छुनशिमने तिला हातानेच अडवलं.

"तू नाही. तू भांडी घास."