आधी त्यालाच विचारायचं

मैत्रिणींनो, वाचनालयाच्या फळ्यावर आज पुस्तकाऐवजी घरचं लिहिते.

दुपारी गिरणीमालकाचा माणूस दारात आला. "मावशी, पोरीला आवरा की. लई शिकली म्हनून काय बी छापायचं व्हय?"

माझी सुमन वर्तमानपत्रात बातमीदार आहे. ती घरी येताच मी विचारलं, "न छापलेली बातमी त्यांना कळली कशी?"

"मीच सांगितली. कामगाराचा हात यंत्रात गेला, त्यावर मालकाचं म्हणणं घेतलं. विद्यापीठात पत्रकारितेला हेच शिकवलं, आई. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, आधी त्यालाच विचारायचं."

हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

उद्या ती पुन्हा मालकाकडे निघालीय, "तो माणूस तुम्हीच पाठवला होता का?" असं विचारायला.

तुमची लेक असती, तर जाऊ दिलं असतं?