राखेतला शेवटचा वाल

अगं, लगेच चप्पल काय घालतेस? ये, अशी जवळ बस. दरवेळी तुझं आपलं 'काकू, घाई आहे'. शेजारच्या इमारतीतून यायला सहा महिने लावतेस आणि आल्या आल्या निघतेस! चहा नको तर नको, पण ऐक तरी.

आमचं कोपर गावातलं शेत तुला ठाऊक नसेल. आपण आत्ता बसलोय ना, तिथंच होतं ते शेत. त्यावर ही इमारत झाली आणि आम्हाला चौथा मजला मिळाला. भात कापलं की ओल्या जमिनीत वाल पेरायचा, कडवा वाल. सासूबाई त्याचं बी चुलीच्या राखेत घोळून बरणीत ठेवायच्या. मला बजावलेलं, "काय वाटेल ते शिजव, शेवटची मूठ शिजवायची नाही." शेत गेलं तरी मी गच्चीवर अर्ध्या कापलेल्या पिंपात दरवर्षी वाल लावत आले. लेक कॅनडाला निघाली तेव्हा त्यातलाच मूठभर पुरचुंडीत बांधून दिला. पुढल्या वर्षी तिनं वेलाचा फोटो पाठवला, पांढरी फुलं आलेली. मी तो अख्ख्या इमारतीला दाखवला.

यंदा दिवाळी झाली आणि पोस्टमन एक पाकीट देऊन गेला. परदेशातलं, माझ्या नावाचं. अक्षरं कुठली कोण जाणे. वर इंग्रजीत लिहिलेलं, कानातले. आत बघते तर बारीक काळं बी! मला हसूच आलं. हुशार गं माझी पोर, बी म्हटलं तर अडवतील म्हणून कानातले लिहिलं. आमच्यात बी नेलं की बी परत करतात, वालाचं नसलं तर दुसरं कसलं तरी. ती रीत पोरीनं तिकडंही पाळली, असं वाटून मी दिवसभर हवेत.

पिंपात ते काळं बी पेरलं. आणि वाल? म्हटलं, लेकीकडं आहेच की. बरणी उपडी केली, राख धुतली, वाल भिजवला, मोड आणले, सोलून बिरडं केलं. ओलं खोबरं घालून. बोटं चाटून खाल्लं गं मी.

महिन्यानं फोनवर सहज म्हटलं, "तुझं बी छान उगवलंय हो."

"कसलं बी?"

"अगं, कानातले लिहून पाठवलंस ते."

"आई, मी काही नाही पाठवलं. अशी फसवी पार्सलं कुणालाही येतात. ऑनलाइन विकणारे खोटी विक्री दाखवायला पाठवतात म्हणे. उपटून टाक आधी ते!"

"बरं बाई, उपटते. मग येताना तुझ्याकडचा वाल मूठभर आण."

तशी ती हळूच म्हणाली,

"आई, तो मी नेलाच नाही. विमानतळावर बी पकडतात, दंड करतात. आत जायच्या आधीच कचऱ्याच्या डब्यात टाकला."

"आणि तो फुलांचा फोटो?"

"नेटवरचा. तुला बरं वाटावं म्हणून गं. वालाचं काय एवढं, बाजारात मिळतो की!"

मी 'हं' म्हटलं आणि फोन ठेवला.

ती रोपं उपटली, पिशवीत बांधून टाकली. ज्यानं कुणी पाकीट पाठवलं त्याचा मला राग नाही. तो कुठं मला आई म्हणत होता? पण ही दर रविवारी फोन करायची. मी विचारायचे, "वाल कसा आहे?" आणि ही सांगायची, "मस्त आहे."

बाजारातला वाल मीही आणला. दिसायला तसाच. पण तो माझ्या सासूच्या हातचा नव्हे. शेवटची मूठ मी शिजवली. शिजवली कुणाच्या भरवशावर, ते तुला सांगितलं.

तुझी आजी आयरेगावची ना? तिलाही आमच्याच शेतातलं बी दिलेलं सासूबाईंनी. घरी जाऊन माळ्यावरच्या बरण्या बघ. राखेत चार दाणे जरी निघाले तरी घेऊन ये. पिंप रिकामं आहे आणि पेरायचे दिवस संपत आलेत. नाहीच निघाले, तरी ये बाई, पण खरं काय ते सांगायला ये. लवकर ये.