सोड्यात धुतलेला सदरा

आडात दोर सोडला की पोहऱ्यात चिखल यायचा, रात्रीतून पाझरलेलं पाणी वाटीनं भरायला बायका पहाटेच रांग लावायच्या, अशा दुष्काळाच्या साली मी दोन घागरी पाणी घालवून एक सदरा धुतला. नुसता धुतला नाही. सोड्यात उकळला, दगडावर आपटला, निळीत बुडवला आणि दोरीवर टाकून कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिले, जणू लातूरचा दुष्काळ मीच हटवला. इतका पांढरा कपडा माझ्या हातून पुन्हा कधी निघाला नाही. इतका मोठा गाढवपणाही नाही. त्या सदऱ्यापायी ज्यांची मिलमधली जागा गेली, ते किसनभाऊजी मागच्या महिन्यात गेले. त्यांच्या सुमनचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मी तिला विचारलं, "सकाळचा चहा घेतला होता का त्यांनी?" कुणी गेल्याचं कळलं की जीभ अशी भलतीकडंच पळते... मेथी तशीच राहिली. संध्याकाळी सुनेनं उचलली.

मी मूळची उदगीरची. वडिलांचं किराणा दुकान. घरातले पुरुष कपाळाला विभूती लावून, पांढरेशुभ्र कपडे घालून गादीवर बसायचे. माणूस म्हणजे असा दिसतो, अशी माझी समजूत. लग्न होऊन आले ती लातूरच्या एका तेलमिलीतल्या कामगाराच्या घरात. आमचे हे एक्स्पेलरवर होते. शेंगदाणा, करडई आत घालायची आणि दाबून तेल काढायचं, असं ते यंत्र. त्याच यंत्रावर यांच्या जोडीला किसनभाऊजी. यांच्या अंगाला, उशीला, पांघरुणाला तेलाचा आणि गरम पेंडीचा वास. कामाचा सदरा तर असा, की भिंतीला टेकवला तर माणसावाचून उभा राहावा. मी पदर नाकाला लावायची. "सदऱ्याला हात लावू नको," एवढंच यांनी सांगितलं होतं. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नव्या नवरीला सगळंच कळत असतं.

मग पाऊस गेला. शेतातच काही नाही तर आडतीत कुठून येणार? मिलनं ले-ऑफ दिला. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि त्याचा अर्थ यांनी नाही, चुलीनं सांगितला. ती दिवसातून एकाच वेळेला पेटायला लागली. भोंगा बंद झाला तरी हे आणि किसनभाऊजी त्याच वेळेला उठायचे आणि मिलच्या गेटसमोर लिंबाखाली जाऊन बसायचे. दुपारी परत यायचे. काय झालं विचारलं की हे म्हणायचे, "काय व्हायचंय? गेट बघून आलो." आणि एक दिवस निरोप आला की थोडा माल आलाय, एक पाळी चालू होणार, पण माणसं निम्मीच घेणार. मला इतका आनंद झाला की काय करू कळेना. इतक्या महिन्यांनी माणूस कामावर निघालाय, चारचौघांत उठून दिसला पाहिजे! हे बाहेर गेलेले बघून मी सदरा खुंटीवरून काढला... पुढचं सांगितलंच. सकाळी यांनी सदरा हातात घेतला, बराच वेळ उलटापालटा करून बघितला आणि अंगात घातला. कामाचा दुसरा सदरा नव्हताच. मला वाटलं, गहिवरले.

गेटवर काय झालं ते मला फार उशिरा, तुकड्यातुकड्यानं कळलं. मुकादम नवा होता, बाहेरगावाहून आणलेला. एकालाही तोंडानं ओळखत नव्हता. शेदोनशे माणसं 'मी एक्स्पेलरवर होतो' म्हणून ओरडत असताना त्यानं आपली युक्ती काढली होती. ज्याचा सदरा खांद्यावर, पोटावर तेलानं चमकतोय तो मिलचा जुना माणूस. बाकीचे भुकेपोटी आलेले नवखे. यांची पाळी आली तसा तो म्हणाला, "ह्ये नवरदेव कुठून आलं? वरात पलीकडच्या गल्लीत हाय, बाबा." सगळी रांग हसली. हे रांगेतून बाजूला झाले. मागेच किसनभाऊजी उभे होते. त्यांनी यांचा दंड धरला, लिंबामागं नेलं आणि स्वतःचा सदरा काढून यांच्या हातात दिला. "घाला, आन् मुंडकं खाली घालून दुसऱ्या टोकानं शिरा." हे नको म्हणाले. तर भाऊजी म्हणाले, "वैनीचा पहिलाच दुष्काळ हाय. माझं काय, मी उद्या येतो की." खरंच त्यांना तसं वाटत होतं. थोर वगैरे काही करतोय असं त्यांच्या मनातही नव्हतं. एका दिवसाची तर गोष्ट. पण दुसऱ्या दिवशी बाहेर राहिलेल्यांना गेट उघडलंच नाही. पहिल्या दिवशी जे आत गेले, तेच सगळ्या हंगामाला धरले. किसनभाऊजी निळीतला पांढरा सदरा घालून बाहेर राहिले.

आणि मी? हे संध्याकाळी घरी आले ते तेलकट सदऱ्यात. मी कपाळाला हात लावला. "एका दिवसात वाट लावली की हो माझ्या मेहनतीची!" गुंड्या वेगळ्या आहेत, एक बाही उसवलेली आहे, हे बघायला मला अक्कल कुठली. सासूबाईंना मात्र दिसलं. आम्ही लिंगायत, किसनभाऊजी बौद्ध. यंत्रापुढं दोघांचा घाम एक, पण आमच्या उंबऱ्याच्या आत तोवर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. सदरा कुणाचा ते कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भाईर टांग त्यो." हे आईपुढं कधी आवाज चढवायचे नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. नुसतं म्हणाले, "अव्वा, ह्याच सदऱ्यानं आज काम मिळालं. घरातच ऱ्हाईल." आणि आतल्या खोलीत खुंटीवर टांगला.

किसनभाऊजी जळकोटच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. बरोबर सरूबाई, त्यांची बायको, आणि दोन लेकरं. मध्ये एकदा सरूबाई बाजारात भेटली. हाताला चिंध्या बांधल्या होत्या, तळवे फुटले होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर "बरं हाय का?" ती म्हणाली, "हाय की." पुढं भाऊजीच हसत सांगायचे, की खडीचे ढीग मोजायला आलेल्या साहेबानं एवढ्या धुळीत पांढरा सदरा बघितला, त्याला वाटलं हा शिकलेला असणार, आणि टेपचं टोक धरायला त्यांनाच उभं केलं. चौथी शिकलेला माणूस. ते टोक त्यांनी सोडलं नाही. वर्षानुवर्षं रोजंदारी केली, आणि लातूर जिल्हा झाला, नवी नवी ऑफिसं आली, तेव्हा एका ऑफिसात शिपाई म्हणून कायम झाले. घरी आले की दारातूनच विचारायचे, "काय वैनी, आज काय धुतलं?" जन्मभर हेच. मी हसायची. माफी मागायची म्हणून मनाशी वाक्य जुळवावं, तोवर त्यांनी थट्टा करून ते मोडलेलं असायचं.

पण एक सांगते. नोकरी लागली म्हणून ते मिल विसरले नव्हते. सायकलवरून जाताना मिलपाशी उतरायचे आणि चालत जायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वास घ्यायलोय, वैनी. आज करडई चालू हाय."

इकडं यांची जागा टिकली म्हणावी, तर तसली जागा वैऱ्यालाही नको. दर हंगामाला ले-ऑफ, दर दिवाळीला धाकधूक, यंदा घेतील का... पोटात आग पडायची, वैद्य म्हणायचा तिखट सोडा. जिल्हा झाल्याचे पेढे गावभर वाटून फार दिवस झाले नव्हते, तोच मिलच्या गेटला साखळी पडली, ती कायमची. हे भिंतीकडं तोंड करून निजले. उठेनात, बोलेनात. मी रडले, भांडले, देवाला बोलले. काही उपयोग नाही. किसनभाऊजी आले, उशाशी बसले. समजूत घालतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मला तुमच्या आधी काढलं, म्हणून ह्यातलं मला जरा जास्ती कळतंय. गेट बघायला जायचं न्हाई आता. उठा, तेलाचा डबा आणू, दारोदार विकू." नव्या ऑफिसांत परगावची माणसं बदलून आली होती, त्यांना चांगलं तेल कुठं मिळतं ठाऊक नव्हतं. पहिला डबा भाऊजींनी स्वतःच्या सायकलला बांधला आणि साहेबांच्या क्वार्टरपुढं उभे राहून यांना म्हणाले, "आता तुम्ही आवाज द्या. मी दिला तर मला चपराशी समजत्याल." हे हसले. कित्येक दिवसांनी हसले. त्या तेलावर आमची पोरं शिकली. आणि ज्या दारातून सदरा बाहेर टांगायचा होता, त्याच दारातून सासूबाईंनी एक दिवस स्वतः हाक मारली, "किसन, च्या घिऊन जा."

हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. भाऊजींचा तो तेलकट सदरा कधीच विरून गेला, पण आतल्या खोलीत खुंटीखाली त्याचा डाग आहे, खांद्याएवढा रुंद. चुना दिला, डिस्टेंपर दिलं, दिवाळी सरते तोवर तो पुन्हा वर येतो. परवा नातू म्हणाला, "आजी, ह्या भिंतीला टाइल्स बसवू." म्हटलं, मी गेल्यावर बसव.

भाऊजींच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सरूबाईकडं गेले. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती संपत आली होती. सुमन आईला गोळ्या देऊन आत गेली. आम्ही दोघीच उरलो, दोन म्हाताऱ्या, भिंतीला पाठ लावून. यांना विचारायचं राहिलं, भाऊजींना विचारायचं राहिलं. म्हटलं, आता हिला तरी विचारावं. "सरू, त्या सदऱ्याचा तुला माझा राग आला होता का गं?"

सरूबाईनं गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात चुरगाळलं. मग म्हणाली,

"आला होता की, आक्का. लई आला होता. तुमचा त्यो पांढरा सदरा फाटंस्तोवर होता. मग सुमी झाली, त्या फाटक्या सदऱ्याचं तिला झबलं शिवलं. लेकराच्या अंगावरच्या कापडाचा राग किती दिवस धरावा बाईनं?"