सुकटीवरचा निबंध

भाईंदरच्या एका कॉलेजात मी लेखन शिकवते. खाण्याबद्दल लिहिता-बोलताना माणसं समोरच्याला कसं पटवतात, हा माझ्या संशोधनाचा विषय. त्यापायी एक खोड लागलीय. ‘घरगुती’, ‘शुद्ध’, ‘आईच्या हातची चव’ असं कुठे वाचलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. नवरा भाजी छान झालीय म्हणाला तरी मी क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघते.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गाला घरातल्या एका पदार्थावर निबंध लिहायला सांगितला. गोडदेवला राहणाऱ्या एका मुलीने सुकटीवर लिहिलं. आईवडील रत्नागिरीकडचे, स्वतः वर्गात क्वचितच बोलणारी. निबंध मात्र गुळगुळीत होता. तव्यावर सुकट पडली की खमंग वास मजलाभर पसरतो आणि शेजारी हसत हसत वाटी घेऊन येतात, असं तिने लिहिलं होतं.

त्या वाटीपाशी मी अडले. मी नवघरला राहते. आमच्याकडे कोणी मासळी तळली की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडतो, नाव न घेता. आणि हिच्याकडे वाटी घेऊन येतात? हे मोबाइलवरच्या एआयकडून लिहून घेतलंय, असं मी ठरवूनच टाकलं आणि तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

“हे तू लिहिलंस?”

“हो मॅडम.”

“मग वाटी घेऊन कोण येतं?”

“कोणीच नाही.”

मग ती हळूहळू बोलू लागली. समोरचे कामावर गेले की आई सुकट भाजते. दाराच्या फटीला ओलं फडकं लावते, धूप पेटवते. एकदा समोरच्या काकू लवकर घरी आल्या आणि कसला वास येतोय, म्हणून विचारू लागल्या. आई म्हणाली, “उंदीर मेलाय वाटतं कुठेतरी.”

“अगं, मग हेच का नाही लिहिलंस?” मी पेन उचललं.

ती पेनाकडे बघत राहिली. “तुम्ही चांगले निबंध वर्गात वाचून दाखवता. काकूंचा मुलगा आपल्याच वर्गात आहे. आणि आमचं लिहिलेलं तुम्ही तुमच्या रिसर्च पेपरमध्ये घालता ना? सीनियर सांगत होते.”

“मी नावं घालत नाही.”

“उंदीर तर घालाल ना?”

खरं तर ती बोलत असतानाच तो उंदीर कुठल्या परिच्छेदात बसेल, हे मी मनात ठरवलं होतं.

“नाही घालणार,” मी म्हटलं. तिला ते पटल्याचं दिसलं नाही. निबंध तिने परत मागून घेतला. पुढच्या आठवड्यात साबुदाण्याच्या खिचडीवर लिहून आणला. एक पान, चूक काढायला जागा नाही. मी मार्क दिले.

परिषदेत पेपर मी उंदराशिवायच वाचला. तेव्हापासून कोणाचंही लिखाण वापरायच्या आधी विचारते. बरेच जण नाही म्हणतात.

हे लिहायच्या आधी तिला फोन केला. आता ती नोकरी करते. “आईला विचारून सांगते,” म्हणाली. दोन दिवसांनी मेसेज आला: आई हो म्हणतेय, पण आम्ही राहायचो ती जागा बदला.

ती मी बदलली आहे.