फोटोतले पणजोबा

आधी चहा घ्या. मग इथे कार्डिफमध्ये भरल्या हॉलसमोर मी कशी माती खाल्ली, ते सांगतो.

माझे पणजोबा शंभरएक वर्षांपूर्वी इथल्या एका कॉलेजात शिकायला आले होते. तिथल्या फुटबॉल टीममध्ये खेळले आणि त्या सीझनला टीम एकही मॅच हरली नाही, असं बाबा आम्हाला लहानपणापासून सांगायचे. मी भूल देणारा डॉक्टर, मला फुटबॉलमधलं काय कळणार? पण हॉस्पिटलमध्ये ही गोष्ट मी किती जणांना ऐकवली असेल, ते विचारूच नका.

गेल्या वर्षी कॉलेजने त्याच सीझनचं प्रदर्शन भरवलं. वेबसाइटवर टीमचा फोटो होता. खाली नावं नव्हती, पण मागच्या रांगेत एक सावळा तरुण होता. मी लगेच ईमेल ठोकला, हे माझे पणजोबा.

कॉलेजवाले खूश. मला भाषणाला बोलावलं. मी चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाबांना पुण्याहून आणवलं.

बायको म्हणाली, "अरे, घरातल्या फोटोशी ताडून तरी बघ."

"त्यात ते म्हातारे आहेत, वर फेटा. काय ताडणार?"

भाषण झकास झालं. बाबांनी डोळे पुसले. तेवढ्यात समोरच्या रांगेतल्या एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई उठल्या.

"सॉरी डॉक्टर, पण ते माझे आजोबा. इथेच बंदराजवळ जन्मले." पर्समधून त्यांनी तोच फोटो काढला. मागे आजोबांची सही.

इथे तरी मी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "मग माझे पणजोबा दुसऱ्या मॅचेस खेळले असतील. रेकॉर्ड बघा ना."

प्रदर्शन सांभाळणाऱ्या मुलीने काचेच्या पेटीतून टीमची वही काढली. नाव सापडलं. तिचा चेहरा पडला.

"मोठ्याने वाचा," मी म्हणालो.

तिने वाचलं. "मिस्टर बापट आजही खेळाचे बूट घालून आले. त्यांना पुन्हा नकार दिला. मॅच संपेपर्यंत लाइनवर उभे होते."

पुढच्या शनिवारी तेच. अख्खा सीझन तेच.

बाबा म्हणाले, "आजोबांनी पत्रात लिहिलं होतं, दर शनिवारी टीमबरोबर असतो. खेळतो असं नव्हतं लिहिलं. ते आम्ही ठरवलं."

चहाच्या वेळी मी त्या बाईंची माफी मागायला गेलो. त्या रागावल्या नव्हत्या. एवढंच विचारलं, "माझ्या आजोबांचा चेहरा तुमच्या घरात कुणासारखा आहे का?"

"नाही."

"मग ओळखलंत कशावरून?"

काय सांगणार? आमच्या ऑपरेशन थिएटरमधले लोक मला, बापटला, तिथल्या दुसऱ्या भारतीय डॉक्टरच्या नावाने, डॉक्टर रेड्डी म्हणून हाक मारतात, आणि त्याबद्दल मी आदल्याच महिन्यात एचआरकडे तीन पानी तक्रार केली होती.