रोझी गॅविन डाबरे, वय चार

व्हॅलेरियन डाबरे यांनी वसईच्या नगरपालिकेत सत्तावीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्या. निवृत्तीनंतर ते आणि त्यांची बायको आयव्ही मुलाकडे कॅनडात मिल्टनला आले, त्यालाही आता अकरा वर्षं झाली. पण त्यांच्या हातातला कारकून काही निवृत्त झाला नाही. पॅरिशमध्ये कुणाचं कायम रहिवासाचं पीआर कार्ड रिन्यू करायचं असो की कुणाच्या पेन्शनचा अर्ज, रविवारच्या मिस्सानंतर माणसं कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी. ते काळ्या शाईने, सुटी सुटी अक्षरं काढत फॉर्म भरतात आणि एकही रकाना कोरा सोडत नाहीत. लागू नसेल तिथे आडवी रेघ. आणि नाव म्हणजे पूर्ण नाव: स्वतःचं, बापाचं, आडनाव. बापाचं नाव मध्ये नसलं तर त्यांना ते नाव उघडंबोडकं वाटतं.

चार वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा गॅविन आणि सून डिम्पल यांनी कुत्रीचं पिल्लू घरी आणलं. व्हेटकडचा फॉर्म साहजिकच व्हॅलेरियन यांच्यापुढे आला आणि त्यांनी सवयीने लिहून टाकलं, ‘रोझी गॅविन डाबरे’. डिम्पल हसून हसून बेजार झाली. म्हणाली, पप्पा, आता हिची शाळेतली अॅडमिशन पण करून टाका. व्हेटच्या रिसेप्शनवरची मुलगी आजही तेच नाव पुकारते, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने.

पुढे गॅविन नोकरीसाठी कॅलगरीला गेला आणि तिकडचाच झाला. त्याच्या आयुष्यात दुसरं कुणी आहे हे डिम्पलला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. घटस्फोट झाला. डिम्पल नर्स, तिला सरहद्दीवरचा पूल ओलांडून अमेरिकेत बफेलोच्या एका हॉस्पिटलात काम मिळालं आणि ती गेली. तिच्या तिथल्या पहिल्या घरात कुत्रा चालत नव्हता, म्हणून रोझी सासू-सासऱ्यांकडे राहिली.

आयव्हीने त्या दिवसापासून डिम्पलचं नाव टाकलं. चूक आपल्या मुलाची आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण मुलावर रागावायची हिंमत होईना, म्हणून तो सगळा राग निघून गेलेल्या सुनेवर. बोलण्यात ‘ती’ म्हणायची, तेही नाइलाज झाला तर. पॅरिशमधल्या बायकांनी विचारलं की विषय बदलायची. व्हॅलेरियन मात्र बेसमेंटमध्ये जाऊन डिम्पलला हळूच फोन करायचे. आयव्हीला ते कळायचं. तीही मूग गिळून बसायची.

रोझीने मात्र खाणं सोडलं. एक वेळ खायची, दुसऱ्या वेळी ताटलीकडे बघायचीसुद्धा नाही. पंधरा महिन्यांत तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. व्हेटने सगळ्या टेस्ट केल्या आणि सांगितलं, रोग काही नाही, ही कुणाची तरी वाट बघतेय. तेवढ्यात डिम्पलला तळमजल्यावरचं घर मिळालं, कुत्रा चालेल असं. तिने फोनवर विचारलं, पप्पा, रोझीला मला द्याल का? व्हॅलेरियन यांनी शब्द दिला. देताना त्यांचा जीव तुटला, कारण सकाळी पाचला त्यांच्याबरोबर उठणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. आयव्ही म्हणाली, मी मागे बसून कुत्री धरीन, पण तिच्या दारात उतरणार नाही.

व्हॅलेरियन यांनी आठवडाभर तयारी केली. रेबीजचा दाखला, मायक्रोचिपचा नंबर, अमेरिकेत कुत्रा नेण्यासाठीच्या ऑनलाइन फॉर्मची पावती, सगळ्याच्या दोन दोन प्रती. शिवाय कुणी मागितली नसताना स्वतःच्या अकलेने एक यादी टाइप केली. ‘प्रवास करणाऱ्यांची नावे’ असा मथळा इंग्रजीत, खाली तीन ओळी. तिसरी ओळ: रोझी गॅविन डाबरे, स्त्री, वय चार.

शनिवारी सकाळी निघाले. व्हेटने गुंगीची अर्धी गोळी दिली होती, तरी वाटेतलं ग्रिम्स्बी येईतो रोझीने सीटवर एकदा आणि आयव्हीच्या मांडीवर एकदा ओकून घेतलं. मग तिला मागच्या सीटखाली गोधडीत गुंडाळून निजवलं. सरहद्दीच्या पुलावर पाऊण तासाची रांग होती. नंबर आला तसे व्हॅलेरियन यांनी दोन पासपोर्ट आणि वर ती यादी अशी चळत खिडकीतून पुढे केली.

अमेरिकेच्या बाजूच्या तरुण ऑफिसरने यादी वाचली, पासपोर्ट मोजले आणि गाडीत वाकून पाहिलं. तिसरी कुठे आहे, त्याने विचारलं. व्हॅलेरियन म्हणाले, मागे खाली झोपलीय, गोधडीत. खाली का? तर सीटवर ओकते, आणि पट्टा लावला की चावते. तिला काही दिलंय का? हो, डॉक्टरने अर्धी गोळी दिली होती झोपेची. ऑफिसरचा चेहरा बदलला. त्याने विचारलं, तिचे वडील कुठेत? व्हॅलेरियन सरळ माणूस, विचारलं तेवढं सांगणारा. म्हणाले, बाप कॅलगरीला असतो. तिला नेताय हे त्याला माहीत आहे का? त्याला काय, तो तिला आमच्याकडे टाकून गेला. आणि आई? आई बफेलोत, तिलाच द्यायला चाललोय, परत आणणार नाही.

यानंतर ऑफिसरने अतिशय शांत आवाजात इंजिन बंद करायला आणि हात स्टिअरिंगवर ठेवायला सांगितलं. आणखी दोघे आले. आयव्हीची पाचावर धारण बसली. ती मराठीत ‘अहो, कुत्री म्हणा, कुत्री’ असं म्हणत होती, आणि व्हॅलेरियन यांना नेमका त्याच क्षणी इंग्रजीतला ‘डॉग’ सुचेना. मागचं दार उघडलं गेलं. गोधडी हलली, रोझीने डोकं बाहेर काढलं, आणि पोटात उरलंसुरलं होतं ते तिने त्या तरुणाच्या बुटावर रिकामं केलं.

कुणी हसलं नाही. त्यांना गाडी बाजूला लावून ऑफिसात यायला सांगितलं गेलं.

आत काउंटरवर एक वयस्क ऑफिसरबाई होत्या. रोझीसाठी घरून आणलेला मटणभाताचा डबा त्यांनी काढून घेतला. मटण पलीकडे नेता येत नाही म्हणाल्या. चिपचा नंबर तपासला, दाखला पाहिला. सगळं ठीक होतं. मग त्यांनी विचारलं की कुत्री तिकडेच राहणार असेल तर ती कुणाकडे राहणार. घरातल्याच माणसाकडे असेल तर हे कागद पुरे आहेत. बाहेरच्या कुणाला देत असाल तर वेगळे कागद लागतील, आणि ते नसतील तर आज इथूनच परत फिरा.

व्हॅलेरियन यांनी डिम्पलचं नाव सांगितलं. ही तुमची कोण, बाईंनी विचारलं.

व्हॅलेरियन यांचं घोडं तिथे अडलं. सत्तावीस वर्षं त्यांनी नाती लिहिली होती. पत्नी, विधवा, दत्तक, सावत्र, सगळ्याला शब्द होता. याला नव्हता. सरकारी माणसापुढे खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नाही. आणि खरं सांगायचं तर, परत फिरा म्हटलं तर रोझी आपल्याकडेच राहील, हा विचारही त्यांच्या मनाला चाटून गेला. त्याची त्यांना लगेच लाज वाटली. कारण रोझी पायाशी निजली होती आणि वरून तिचं पाठीचं हाडन् हाड मोजता येत होतं.

शेवटी ते म्हणाले, “शी वॉज अवर डॉटर-इन-लॉ.”

“वॉज?” बाईंनी पेन थांबवलं.

व्हॅलेरियन घटस्फोटाची तारीख सांगायला लागले, कोर्टाच्या नावासकट. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि परत पाठवायचा कागद पुढे ओढला. आयव्ही इतका वेळ खाली बसून टिश्यूने रोझीचं तोंड पुसत होती. ती काउंटरला धरून उठली. तिचं इंग्रजी ग्रोसरीपुरतं, आणि ऑफिसात तर ती कधी तोंडच उघडत नाही.

“नॉट वॉज,” आयव्ही म्हणाली. “इज. माय सन लेफ्ट हर. आय डिड नॉट.”

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, ओढलेला कागद परत बाजूला सारला आणि शिक्का मारला. पुढच्या वेळी यादीत कुत्र्याचं नाव नको, एवढं बजावलं.

गाडी डिम्पलच्या घरापुढे थांबली. डिम्पल बाहेर पायरीवरच बसली होती. व्हॅलेरियन यांनी मागचं दार उघडलं तशी रोझी, जिला सकाळी उचलून गाडीत ठेवावं लागलं होतं, ती धावत सुटली आणि डिम्पलच्या अंगावर पडली. डिम्पल तिला कवटाळून रडत होती. सासू उतरणार नाही हे तिला फोनवर कळलं होतं, त्यामुळे ती गाडीकडे बघतही नव्हती. आयव्ही उतरली. ओकीने भरलेला ड्रेस तसाच अंगावर, पर्स छातीशी धरून, ती पायरीपर्यंत चालत गेली.

“मम्मी, तुम्ही?” डिम्पल उठून उभी राहिली.

“मी आत्ता तिकडे खोटं बोलून आले,” आयव्ही म्हणाली. “त्या बाईला सांगितलं, मुलाने सोडलं, मी नाही सोडलं. मी पण सोडलं होतं गं तुला.”

डिम्पलने एका हाताने रोझीचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने आयव्हीच्या हातातली पर्स काढून घेतली, आणि म्हणाली, आधी आत या, ड्रेस बदला, माझा एखादा होईल तुम्हाला.